पिंपाभोवतीच्या फेऱ्या

ओल्या पुडीवर काच फिरते तेव्हा जात्याची घरघर येते. २०१८ साली ओसरीत पिंप मांडून काच घासायला बसलो, तेव्हा शेजारच्या आजींनी आठवडाभर वाट बघून शेवटी विचारलंच, "काय दळतोस रे रोज रात्री?" आरसा दळतोय म्हटलं तर हसल्या. पण त्यांचाच शब्द बरोबर होता.

सातवीत असताना मामाने मला वांगणीला नेलं होतं, खगोल मंडळाच्या रात्रभराच्या आकाशदर्शनाला. शनीची कडी दिसली तेव्हा कुणी भिंगावर चित्र चिकटवलंय की काय, म्हणून मी दुर्बिणीच्या तोंडाशी जाऊन बघून आलो. तेव्हापासून स्वतःची दुर्बीण हवी होती. विकत घ्यायची ऐपत आली तोवर विकतची नकोशी झाली होती, हा माझा तिरपागडेपणा.

दुर्बिणीचा आरसा घडवायची कृती ऐकायला सोपी. सहा इंची दोन जाड काचा, मध्ये कार्बोरंडमची पुडी आणि पाणी. वरची मागेपुढे घासायची, थोडी फिरवायची, पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. वरची खोलगट होत जाते, खालची फुगते. माझ्या आरशाला मधोमध सव्वा मिलिमीटरही खोली नको होती. पण शेवटी पृष्ठभाग इतका नेमका लागतो की केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी चूकही जेमतेम चालते. ती चूक घरात दिसते, हे मला अजून नवल वाटतं. एक बारीक दिवा, एक दाढीचं पातं, बस्स. फूको या फ्रेंच माणसाने दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी ही युक्ती काढली. आरशाला मिनिटभर तळवा टेकवा, ऊब लागून तेवढ्याच जागी टेंगूळ आलेलं दिसतं. मग तो निवेपर्यंत गप्प बसायचं. कारखान्यातून दुसरी पाळी करून आल्यावर या गप्प बसण्याचाच खरा कंटाळा यायचा.

राळेवर पॉलिश चालू होतं आणि २०१९चा जुलै आला. २६ तारखेच्या रात्री उल्हास नदी घरात शिरली. दुसऱ्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेस आमच्याच भागात, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकलेली सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली. हजारावर प्रवासी होते, बोटींनी काढले. गावातली माणसंही मदतीला धावली. पाणी ओसरल्यावर आरसा चिखलात सापडला, फुटला नव्हता. आनंदाच्या भरात मी तो फडक्याने पुसला. चिखलात रेती असते हे आठवलं तोवर आरशावर आडवा ओरखडा उठला होता. पुराने नाही, मी घालवला. चार महिने हात लावला नाही. मग मुकाट्याने २२० नंबरच्या पुडीपासून पुन्हा सुरुवात केली.

लॉकडाऊनमध्ये पॉलिश संपलं. दिवाळीनंतर आरशावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवून आणला. नळी पीव्हीसी पाइपची, बैठक जुन्या कपाटाच्या प्लायवूडची. २१ डिसेंबर २०२०च्या संध्याकाळी चंदेरी किल्ल्याच्या दिशेला दुर्बीण लावली. गुरू आणि शनी १६२३नंतर पहिल्यांदाच एकमेकांच्या एवढे जवळ दिसत होते. एकाच वर्तुळात गुरूचे चंद्र आणि शनीची कडी! पहिला नंबर आजींना दिला. त्यांनी बराच वेळ डोळा काढला नाही. मग म्हणाल्या, "दळण बारीक झालंय."

आता बदलापूरच्या बाजूचं आकाश रात्रभर पिवळट असतं. दर पावसाळ्यानंतर क्षितिजावरचे आणखी काही तारे गेलेले असतात. तिकडच्या नव्या इमारतींत राहणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: गच्चीवरचे हॅलोजन रात्री दहानंतर बंद करा. आणि थंडीतल्या एखाद्या अमावास्येला इकडे आलात, तर टॉर्चला लाल कागद लावून या.