मॅटाडोरमधलं बिऱ्हाड

राणीगंजात रबर घ्यायला जायचं तर जुना तुकडा बरोबर न्यावा लागतो. नुसतं वर्णन करून भागत नाही. "खिडकीच्या काचेभोवतीचं बीडिंग," असं म्हटलं की दुकानदार विचारतो, कुठल्या गाडीचं? "मॅटाडोर" म्हटलं की तो आधी हसतो, मग आत कुणाला तरी हाक मारतो आणि ऐंशीला टेकलेले एक गृहस्थ चष्मा पुसत बाहेर येतात. तुकडा हातात घेतात, दोन बोटांत दाबून बघतात, कापलेल्या बाजूने त्याची खाच निरखतात. "ये नै मिलता अब. मगर इसका भाई मिलता." हा भाऊ मीटरवर मिळतो, जरा जाड असतो आणि घरी आणून गरम पाण्यात बुडवला की नाइलाजाने खाचेत बसतो.

लग्न होऊन नांदेडहून हैदराबादला आले त्याला किती वर्षं झाली हे आता मोजत नाही. पण इतक्या वर्षांत माझं हैदराबाद केवढं होतं? काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार, कोठी, इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथ संग्रहालय. साड्या, पुस्तकं, औषधं आणि हळदीकुंकवाला जाण्याची घरं. मॅटाडोर अंगणात येऊन उभी राहिली आणि शहराचा दुसरा दरवाजा उघडला. पंप आणि रबरासाठी राणीगंज, नळ आणि वायरींसाठी ट्रूप बाजार, सीटच्या स्प्रिंगांसाठी ऑटोनगर, कुठेच न मिळणाऱ्या बिजागऱ्यांसाठी गुरुवारचा जुम्मेरात बाजार, आणि तिथेही नाहीच मिळाल्या तर रविवारचा एर्रागड्डा. गाडी मल्काजगिरीच्या आमच्या अंगणातून फारशी हलली नाही. फिरलो आम्ही.

ही गाडी मुळात एका सिनेमा युनिटची. तेलुगू सिनेमा मद्रासहून हळूहळू हैदराबादला सरकला. 1976 साली अन्नपूर्णा स्टुडिओ उभा राहिला, 1996 साली शहराबाहेर रामोजी फिल्म सिटी आली, आणि नटनट्यांना उन्हातान्हात रंगवायला चाकांवरच्या खोल्या लागू लागल्या. आता त्या खोल्या वातानुकूलित बसएवढ्या झाल्यात. आमची त्यांची पणजी. आत एक बाक, हात धुण्याचं एवढंसं भांडं, आणि भिंतभर आरसा. आरशाच्या चौकटीला बल्बांची होल्डरं, बरीचशी फुटलेली. बाकाखाली सापडलेल्या पावडरच्या डब्यावरची बाई कोण यावर घरात बरेच दिवस वाद चालला होता.

मॅटाडोर मराठी माणसाला परकी नाही. जर्मनीतल्या हाम्बुर्गच्या टेम्पो कंपनीचं हे वाहन फिरोदियांच्या बजाज टेम्पोने इथे आणलं. 2005 साली कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, त्याच्या आधीच मॅटाडोर इतिहासजमा झाली होती. आमच्याकडे वऱ्हाड मॅटाडोरनेच जायचं. पुढे नवरदेव आणि मानाची माणसं, मागे उरलेलं सगळं गाव. ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर ज्याला बसवलं, त्याला ऊब कशाला म्हणतात ते वेगळं सांगावं लागायचं नाही.

आमचे हे लालागुड्याच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झाले. आयुष्यभर डबे दुरुस्त केले. आगगाडीचा डबा कारखान्यात आला की रंग, खिडक्या, गाद्या हे सगळं नंतर. आधी त्याची जमीन बघतात. यांनीही तेच केलं. पहिल्या दिवशी लिनोलियम उचललं, खालचा प्लायवूड उचलला, आणि त्याखाली पत्र्याऐवजी आमच्या अंगणातलं गवत दिसलं. मी रडायच्या बेतात. हे खूश. "खरं तेवढं राहिलंय," म्हणाले.

त्यानंतर गळतीचं पर्व. पावसाळा सुरू झाला की मागच्या उजव्या कोपऱ्यात, बरोबर उशीच्या जागी, पाणी ठिबकायचं. कोपऱ्यावरचा जोड खरवडला, सिलिकॉन भरलं, वरून रंग दिला. ठिबक तशीच. ऑटोनगरहून एक पत्राकाम करणारे उस्ताद यायचे. ते गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "अम्मा, पानी जहाँ टपकरा, वहाँ से आताच नै." आत जाऊन त्यांनी छताचं अस्तर अखंड उतरवलं. आतल्या बाजूने पत्र्याला उपाशी म्हशीच्या बरगड्यांसारखे आडवे पाट होते. मग उस्ताद आत टॉर्च घेऊन उताणे पडले, हे शिडीवर, आणि मी खालून बादली पुरवायला. हे एका वेळी वीतभर जागेवर तांब्याने पाणी सोडायचे आणि थांबायचे. आतून "आगे" ऐकू आलं की पुढची वीत. मागच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली, तर पार ड्रायव्हरच्या डोक्याजवळ पोहोचल्यावर आतून आरोळी आली. छतावर पूर्वी कधीतरी भोंगा बसवला असणार. भोंगा गेला, स्क्रूची चार भोकं राहिली. तीन बुजवलेली, एक रंगाखाली जिवंत. तिथून पाणी आत शिरायचं, बरगडीत साचायचं, आणि गाडी अंगणाच्या उतारावर मागच्या बाजूला जरा कललेली असल्यामुळे चॅनेलमधून निवांत प्रवास करत उशीवर उतरायचं. अख्ख्या गाडीचा प्रवास तोवर एवढाच झाला होता.

भोक बुजवायला पाच मिनिटं लागली. पण ते पाणी वर्षानुवर्षं ज्या वाटेने गेलं होतं, ती वाट सगळी सडली होती. तिथला पत्रा कापणं, नवा तुकडा ठोकून बसवणं, वेल्डिंग, ग्राइंडिंग, रेडऑक्साइड, लांबी, घासकाम, पुन्हा लांबी. उस्तादांचा हात लांबीवरून फिरायचा तेव्हा डोळे मिटलेले असायचे. डोळ्यांना सपाट दिसतं ते तळहाताला दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला सपाट वाटलेल्या जागी त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि खरंच, मधोमध एक ओंजळ होती.

हैदराबादचं ऊन ही दुसरी भानगड. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि पत्र्याच्या डब्यात माणूस बसू शकत नाही, घर असो की गाडी. तेलंगण सरकारने 2023 साली थंड छपरांचं धोरण आणलं, छपरं ऊन परत फेकतील अशी हवीत म्हणून. सरकारी कागद बघून आम्हीही गाडीचं टप पांढरं केलं. फरक पडतो, हाताला कळतो. आतून फोम बसवतानाची गोम मात्र यांना माहीत होती: फोम आणि पत्रा यांच्यामध्ये ओल कोंडली तर गाडी आतल्या बाजूने सडते आणि बाहेरून पत्ता लागत नाही. रेल्वेच्या डब्यांनी हे धडे फार महागात शिकवलेत म्हणे.

घराला वजन असतं हे मला गाडीने शिकवलं. आठ बाय चार फुटांचा, एकोणीस मिलिमीटर जाडीचा मरीन प्लाय पस्तीस किलोच्या घरात जातो. साठ लिटर पाण्याची टाकी भरली की साठ किलो, टाकीचं वजन वेगळं. पाटा-वरवंटा नको, हे मला कळतं. पण लोखंडी तवासुद्धा काट्यावर ठेवून वहीत लिहिणाऱ्या माणसाशी संसार करणं सोपं नसतं. गॅसचं सिलिंडर पाच किलोवालं, आणि त्याच्या कप्प्याला खाली जमिनीत जाळी. कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. वरच्या खिडक्या उघडून त्याला बाहेर काढता येत नाही.

या शहराला जुन्या गाड्यांचं वेड आहे, पण वेडाच्या तऱ्हा निरनिराळ्या. चौमहल्ला पॅलेसमध्ये काचेआड पिवळी रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्ट उभी आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी मागवली, ती येण्याआधी 1911 साली ते वारले. मागे सिंहासन बसवलेली ही गाडी मिरवणुकीपुरती बाहेर निघायची आणि सगळं मिळून साडेतीनशे मैलांच्या आसपासच धावली, असं सांगतात. चकचकीत आहे, जपलीही छान आहे. मला तिच्यापुढे काही वाटत नाही. त्यापेक्षा परिवहन महामंडळाने जपलेली 1932 सालची आल्बियन बस मला जवळची. निजामाच्या रेल्वेनेच त्या वर्षी 27 बसगाड्या घेऊन सेवा सुरू केली होती. महामंडळाच्या बसगाड्यांच्या नंबरात झेड अक्षर असतं, ते सातव्या निजामांच्या आईच्या, झहरा बेगमच्या, नावावरून आल्याचं जुने हैदराबादी सांगतात. 1956 पर्यंत आमचा मराठवाडाही याच राज्यात; त्यामुळे त्या काळच्या बसच्या खिडकीशी बसून ओकाऱ्या काढलेली माणसं आमच्याही घराण्यात होती.

आणि गौलीगुड्याचा तो अवाढव्य हँगर. अमेरिकेतून सुटे भाग आणून 1930 च्या सुमारास उभारलेला, विमानांसाठी. मग झाला बसस्थानक. जुनी माणसं त्याला अजून मिसिसिपी हँगर म्हणतात. लोखंडी कमानीच्या त्या पोटात शहराचे किती तरी निरोपसमारंभ झाले. 5 जुलै 2018 च्या सकाळी तो कोसळला. धोका ओळखून आधीच बसगाड्या आणि माणसं हलवली होती म्हणून कुणी दगावलं नाही. हे दुसऱ्या दिवशी पेपर वाचून अंगणात गेले आणि गाडीखाली शिरून हातोडीने चासी वाजवत बसले. एक-एक इंच.

बहादूरपुऱ्याला सुधाकरांचं सुधा कार्स म्युझियम आहे, तिथे बूट, बर्गर, क्रिकेटचा चेंडू, पलंग असल्या आकारांच्या मोटारी बघायला मिळतात. भंगारातून केलेल्या, आणि चालणाऱ्या. 2005 साली याच माणसाने साडेएकेचाळीस फूट उंचीची तीनचाकी सायकल चालवून गिनीज बुकात नाव नोंदवलं. सासूबाईंना तिथे नेलं होतं. पलंगाच्या मोटारीपुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मुलाला म्हणाल्या, "बघ, यानं केली की पुरी."

कायद्याचं थोडक्यात सांगते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की मूळ बनावटीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा कडक शब्दांत बजावलं. राहण्याजोग्या गाड्यांसाठी एआयएस-124 असं वेगळं मानकच आहे. साध्या मालगाडीचं घर करायला निघालेल्यांनी आधी आरटीओ गाठावं. आमची गाडी कागदोपत्री आधीपासूनच तशी आहे, आणि आम्ही होतं तेच नीट करतो आहोत, एवढ्यावर आमचं भागतं. महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून नाशिकच्या नातेवाइकांचे फोन येतात, "तुम्ही तर काळाच्या पुढे होतात!"

पुढे वगैरे काही नाही. मी ज्या मुलखातून आले, तिथे दिवाळीच्या आसपास बीडकडून ऊसतोड्यांच्या बैलगाड्या निघताना बघितल्यात. भांडीकुंडी, शेळी, पांघरुणं, वर बसलेलं पोर. कारखान्याच्या माळावर कोपी टाकायची आणि उन्हाळ्यात परत. गाडीलोहारांच्या नक्षीदार गाड्याही गावाबाहेर उतरायच्या. चाकाच्या सावलीत भाता, चाकाच्या सावलीत चूल. त्यांना कुणी कॅरव्हॅन म्हटलं नाही. चाकांवरचं घर ही हौस व्हायला आधी जमिनीवरचं एक घर नावावर असावं लागतं. हे मी गाडीत बसून, फोमच्या गादीवर, चहा पिताना म्हणते, याची मला जाणीव आहे.

गाडीचा खरा उपयोग अजून तरी आमच्या घराचीच एक जास्तीची खोली म्हणून होतो. सासूबाई दुपारी तिथे शेंगा निवडतात आणि मेकअपच्या आरशात बघून वेणी घालतात. यांनी दोन बल्ब लावून दिलेत. नातू परीक्षेचा अभ्यास तिथेच करतो. शेजारच्या तेलुगू वहिनींनी दसऱ्याला बतुकम्माची फुलं रात्रभर तिथे ठेवली होती, आतला पत्रा तेव्हा गार असतो म्हणून.

अलीकडे एकदा विकाराबादच्या अनंतगिरीला मुक्काम केला. जिथून मुसी नदी निघते ते डोंगर. गाडीने चढ चढला, ब्रेक लागले, पाऊस आला आणि उशी कोरडी राहिली. परातीत पाणी ओतून गाडी समपातळीत आहे की नाही ते हे तपासत होते. चाकाखाली फळ्या सरकवून झाल्यावर मगच झोपायला परवानगी. सगळं उत्तम. रात्री दोनला मात्र सासूबाईंनी मला हलवून उठवलं. बाहेर पाऊस, अंधार, आणि देवळाजवळचं शौचालय पायऱ्या उतरून खाली. ऐंशी पार केलेली बाई, छत्री, टॉर्च आणि मी.

परत आल्यावर सासूबाईंनी अट घातली: आत सोय हवी, नाहीतर मी येणार नाही. यांनी साफ नकार दिला. नोकरीत सगळ्यात जास्त पत्रा कुठला कापला, तर डब्यातल्या संडासाखालचा. सगळ्यात आधी सडतो तो तिथेच. "इतकी वर्षं खपून गाडीची जमीन केली, ती पुन्हा हाताने सडवू?" सासूबाई म्हणाल्या, "मग गाडी जप, मी घरी बसते." चार दिवस अबोला झाला. पाचव्या दिवशी ट्रूप बाजारातून हे स्टेनलेस स्टीलच्या ट्रेचा आणि उचलून नेता येणाऱ्या टाकीवाल्या कमोडचा भाव काढून आले. टेप लावून बघितलं. डाव्या हाताचा एक कप्पा काढला तर बसतं, आणि वजनही वहीत जमतं. त्या बाजूला कप्पे दोनच आहेत. एकात यांची हत्यारं, एकात माझी पुस्तकं. सध्या गाडी तिथे अडली आहे.