आईचा खण

मुलांनो, आपलं सोलापूर कापडाचं गाव. १८७७ साली इथं पहिली गिरणी निघाली, चादरी तर जगभर गेल्या. पण तुमच्या या बाईंना परवापर्यंत साधा टॉप शिवता येत नव्हता!

माझी आई विड्या वळायची. कुणीतरी ओटीत घातलेला गुळेदगुड्डचा रेशमी खण तिनं ट्रंकेत जपला होता. "चांगल्या दिवशी शिवीन," म्हणायची. तो दिवस यायच्या आत ती गेली. यंदा लेकीनं गड्ड्याच्या यात्रेसाठी नवा टॉप मागितला, आणि मी ट्रंक उघडली.

आधी एक धागा काढून ताटलीत जाळला. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटानं चुरली. रेशीम किड्याचं, आपल्या केसांसारखंच प्रथिनांचं. पॉलिएस्टर असतं तर वितळून कडक मणी झाला असता. (मोठं माणूस जवळ असल्याशिवाय हे करायचं नाही हं!)

बेत सोपा होता. खण मधोमध दुमडायचा, घडी खांद्यावर, दोन्ही काठ खाली. म्हणजे खालची कड शिवायला नको. काखेखालचे चौकोन कापले की बाह्या आपोआप तयार. आई तेंदूच्या पानावर पत्र्याचा साचा ठेवल्याशिवाय कधी कात्री चालवायची नाही. मीही आधी वर्तमानपत्र कापून बघायला हवं होतं. घाई केली. गळा सहा इंच रुंद हवा होता. कापड चौपदरी, म्हणजे घडीपासून तीनच इंच घ्यायचे. मी सहा घेतले. घडी उघडली, तर गळा बारा इंच! अपूर्णांक शिकवणाऱ्या बाईंचं हे गणित.

त्या रात्री खण मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले. लेकीला काही सांगितलं नाही.

सकाळी काखेखालचे तुकडे दिसले. त्यांच्या पट्ट्या जोडून गळ्याला नेफा केला, आत नाडी ओवली. नाडी ओढली, गळा चुण्या पडून बेताचा झाला. रेशमाचे धागे फार सुटतात, म्हणून बाजू आधी सुलटीकडून बारीक शिवल्या, मग उलटून पुन्हा. कडा आत बंद. सुई बारीक, अकरा नंबरची.

गड्ड्यावर लेक तो टॉप घालून पाळण्यात बसली. गळ्याची नाडी तोंडात धरून चघळत होती. एरवी मी ओरडले असते.