सूटपत्र

मत्तयच्या शुभवर्तमानातील 19 वा अध्याय आपल्याकडे लग्नाच्या मिस्सात पुष्कळदा वाचला जातो. कोणत्याही कारणावरून पुरुषाने बायको टाकणे योग्य आहे काय, असे परूशी येशूला विचारतात. हा प्रश्न पुरुषांनी पुरुषांच्या सोयीसाठी विचारला होता, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

अनुवाद ग्रंथाच्या 24 व्या अध्यायात सूटपत्राचा उल्लेख आहे. बायकोला घराबाहेर काढायचेच, तर तिच्या हाती तसा लेख द्यावा लागे. निदान तिला दुसरे घर करण्याची मोकळीक मिळे. पण कारण कोणते असावे, यावर शास्त्र्यांत वाद होता. शम्मायचा पंथ गंभीर कारण मागे. हिल्लेलच्या पंथाला बायकोने जेवण बिघडवले एवढेही पुरे होई. त्या पंडितांच्या डोळ्यांत चुलीचा धूर कधी गेला नसावा!

येशू या वादात शिरलाच नाही. मोशेने दिलेली सवलत माणसाच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे होती, असे सांगून तो उत्पत्तीच्या आरंभाकडे वळला. त्याने दार लावले ते टाकणाऱ्याच्या तोंडावर, असे मला वाटते.

आपल्या गावांत मात्र ते टाकलेल्या बाईच्या तोंडावर लावले जाते. आमच्या धर्मग्रामातील एका बाईच्या नवऱ्याने परदेशी दुसरा संसार थाटला आणि कोर्टातून घटस्फोट घेतला. तिने पुन्हा लग्न केले नाही. तरी अकरा वर्षे ती ख्रिस्तशरीर स्वीकारायला पुढे गेली नाही. ‘घटस्फोटितांना ते चालत नाही,’ असे शेजारणींनी तिला सांगितले होते. वास्तविक, पुनर्विवाह न केलेल्या अशा व्यक्तीला साक्रामेंतांची आडकाठी नाही, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 च्या कुटुंबविषयक पत्रातच स्पष्ट केले आहे. नव्या धर्मगुरूंनी समजावले, तेव्हा कुठे ती पुढे आली.

विवाह मुळातच अवैध होता काय, हे धर्मप्रांताचे न्यायालय तपासते. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ही प्रक्रिया सुटसुटीत केली. दुसऱ्या न्यायालयाच्या दुजोऱ्याची अट गेली. फादरांनी तिला अर्जाविषयी सुचवले. ती म्हणाली, ‘‘फादर, माझं लग्न खरं नव्हतं असं मी कशी लिहू? मी तर ते मनापासून केलं होतं.’’

तिने अर्ज केला नाही. नवऱ्याने केला आहे. न्यायालयाचे पत्र तिला गेल्या महिन्यात आले. उत्तर काय द्यावे, हे ती अजून ठरवते आहे.