एडमंटनचा हंगाम

सांगलीच्या पेठेत ‘हंगाम’ हा शब्द उच्चारला की हळदीखेरीज दुसरे काही मनात येत नाही. माघ-फाल्गुनात नवी हळद बाजारात येऊ लागते, सौदे निघतात, आणि पुढच्या तीन-चार महिन्यांत अडत्याचे वर्ष बरे गेले की वाईट हे ठरून जाते. चाळीस वर्षे मी पेढीवर बसून हाच हंगाम पाहिला. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मात्र एक निराळा हंगाम पाहण्याचा योग आला. तो बर्फावरचा होता, आणि त्याचाही हिशेब मी एका वहीत रोजच्या रोज मांडून ठेवला.

माझे चिरंजीव अकरा वर्षांपासून कॅनडातील एडमंटन शहरी असतात. २०२३च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी तेथे गेलो. नातवाला भेटणे हे जाण्याचे उघड कारण. मनातले कारण वेगळे होते. वडिलांनी उभारलेली पेढी पुढे कोणाच्या हाती द्यायची, हा प्रश्न मला झोपू देत नव्हता. पुतण्या मन लावून काम पाहत होता; पण गादीवर मुलगाच बसावा, हा माझा हट्ट होता. त्याला समजावून परत आणायचे, असे ठरवूनच मी विमानात बसलो होतो.

एडमंटन ही आल्बर्टा प्रांताची राजधानी. उत्तर सस्कॅचवान नदीच्या खोल, झाडीने भरलेल्या खोऱ्याच्या दोन्ही काठांवर हे शहर वसले आहे. प्रांताची श्रीमंती जमिनीखालच्या तेलाची, म्हणून तेथील आइस हॉकी संघाचे नावही ‘ऑइलर्स’. शहर इतके उत्तरेला आहे की डिसेंबरच्या अखेरीस सूर्य पावणेनऊनंतर उगवतो आणि सव्वाचारच्या सुमारास मावळतो. रात्रीभोजनाचा त्याग केलेल्या आम्हां दोघांची त्यामुळे चांगलीच तारांबळ उडाली. सूनबाई बिचाऱ्या कामावरून घरी येईतो बाहेर अंधार झालेला असे. शेवटी सौभाग्यवतींनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि दुपारी साडेतीनलाच आमचे संध्याकाळचे जेवण उरकू लागले. त्यानंतर झोपेपर्यंतचे पाच-सहा तास रिकामे. ते कशाने भरायचे? नऊ वर्षांच्या नातवाने उत्तर तयारच ठेवले होते.

११ ऑक्टोबरला हंगामातील पहिला सामना व्हँकूव्हर संघाशी झाला. नातू नारिंगी-निळा सदरा घालून दूरदर्शनसंचापुढे बसला. तो सामना ऑइलर्सनी ८–१ असा गमावला. मला खेळातले काही कळत नव्हते. पण त्या मुलाचा चेहरा मला कळत होता. बाजार पडल्याच्या दिवशी शेतकऱ्याचा चेहरा होतो, तसाच तो होता.

दुसऱ्या दिवसापासून मी खेळ शिकू लागलो. बर्फाचे मैदान दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद. प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू, त्यांत एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती, तिला ‘पक’ म्हणतात; ती उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात. खेळाडू पाऊण-एक मिनिट जिवाच्या आकांताने पळतो आणि खेळ चालू असतानाच बाहेर येतो, त्याच्या जागी दुसरा उडी घेतो. मला सर्वांत भावली ती गुणांची पद्धत. जिंकल्यास दोन गुण, हरल्यास शून्य; परंतु ठरलेल्या वेळेत बरोबरी साधून जादा वेळेत हरल्यास एक गुण पदरात पडतो. त्या हंगामात ८२ सामने होते. एवढ्या दीर्घ पल्ल्यात असा एकेक गुण जमेस धरावा लागतो, हे कोणत्याही व्यापाऱ्याला सांगावे लागणार नाही. मी नातवाकडून एक कोरी वही मागून घेतली आणि जमा-नावे मांडू लागलो.

नाव्याची बाजूच भराभर भरत गेली. पहिल्या बारा सामन्यांत केवळ दोन विजय. ९ नोव्हेंबरला तर गुणतक्त्यात अगदी तळाशी असलेल्या सॅन होजे संघानेही त्यांना हरवले. कॉनर मॅकडेव्हिडसारखा जगातला अव्वल खेळाडू कर्णधार असताना हे घडत होते. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते. परदेशात का होईना, आम्ही पाट मांडला, वहीपूजन केले. नातवाच्या आग्रहाने हॉकीची वहीही पाटावर ठेवली. त्याच दिवशी बातमी आली की संघाने प्रशिक्षक जे वुडक्रॉफ्ट यांना दूर करून क्रिस नॉब्लॉक यांना नेमले. मॅकडेव्हिड कुमारवयात ज्यांच्या हाताखाली खेळला होता, तेच हे गृहस्थ. मी म्हणालो, “वहीपूजनाच्या दिवशी मुनीम बदलला, शकुन बरा दिसतो.” चिरंजीव मोठ्याने हसले. मी आल्यापासून ते माझ्यासमोर असे मोकळे हसले नव्हते. पेढीचा विषय मी दर दोन दिवसांनी काढत होतो ना!

त्या शहरात हॉकी केवळ मोठ्या क्रीडागृहात राहत नाही. वस्तीवस्तीतून रहिवाशांच्या संस्था आहेत आणि हिवाळ्यात त्या उघड्यावर बर्फाची मैदाने तयार करतात. त्यासाठी कडाक्याच्या थंडीत, रात्री, शेजारीपाजारी नळ्या घेऊन उभे राहतात. पाण्याचा पातळ थर द्यायचा, तो गोठू द्यायचा, मग दुसरा. कितीतरी रात्री असे थरावर थर चढवल्यावर कोठे मुलांना घसरता येईल असा बर्फ तयार होतो. एका रात्री मीही चिरंजीवांबरोबर गेलो. हातमोज्यांवर हातमोजे चढवून अर्धा तास नळी धरली. तेथे माझा मुलगा सर्वांना नावाने ओळखत होता, सर्व त्याला ओळखत होते. एका वृद्ध कॅनडियन गृहस्थांनी मला सांगितले, की गेली पाच वर्षे एकही रात्र न चुकवणारा माणूस म्हणजे तुमचा मुलगा. पेढीवर मी त्याला ‘याचे कशात मन लागत नाही’ असे अनेकदा बोललो होतो. ते शब्द त्या रात्री मला आठवले.

२१ डिसेंबरपासून चमत्कार वाटावा असे घडू लागले. संघ जिंकला, पुन्हा जिंकला, जिंकतच राहिला. माझ्या वहीतील जमेची बाजू एकामागून एक पाने घेऊ लागली. जानेवारीच्या मध्यास अशी थंडी पडली की पारा उणे चाळीस अंशांच्याही खाली गेला. १३ जानेवारीच्या संध्याकाळी सर्वांचे भ्रमणध्वनी एकदम वाजू लागले. विजेचा पुरवठा अपुरा पडत आहे, अनावश्यक वापर तत्काळ थांबवा, अशी सरकारी सूचना होती. अशा थंडीत वीज गेली असती तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. घराघरांतून लोकांनी दिवे मालवले आणि काही मिनिटांतच मागणी उतरली. आम्हीही सगळे दिवे घालवून, एका लहानशा पडद्याभोवती पाच डोकी जमवून माँट्रिअल येथील सामना पाहिला. जादा वेळेत ऑइलर्स २–१ असे जिंकले. तो सलग दहावा विजय.

२७ जानेवारीला चिरंजीवांनी मला प्रत्यक्ष सामन्याला नेले. दिवस मावळण्याआधी जेवून आम्ही निघालो. रॉजर्स प्लेस हे २०१६ साली उघडलेले भव्य क्रीडागृह. सुमारे अठरा हजार प्रेक्षक बसतात. तेथे वेन ग्रेट्झकी या महान खेळाडूचा, चषक डोक्यावर उंचावलेला पुतळा आहे. त्याच्यापाशी थांबून चिरंजीवांनी मला हकिकत सांगितली. १९८४ ते १९८८ या काळात त्याने ऑइलर्सना चार वेळा स्टॅन्ली चषक मिळवून दिला. आणि ९ ऑगस्ट १९८८ रोजी संघाच्या मालकाने त्याला लॉस एंजलिसच्या संघाकडे देऊन टाकले. बदल्यात काही खेळाडू आणि दीड कोटी डॉलर घेतले.

“मग संघ बुडाला असेल,” मी म्हणालो.

“नाही अण्णा. १९९० साली त्याच्याविना पुन्हा चषक जिंकला.”

“आणि हा पुतळा?”

“तो १९८९ सालचा. तो गेला, त्याच्या पुढच्याच वर्षी लोकांनी उभारला.”

मी बराच वेळ काही बोललो नाही. आपला माणूस दूर गेला म्हणून या गावाने त्याचे नाव टाकले नाही. मी मात्र अकरा वर्षे माझ्या मुलाच्या नावावर येणेच मांडत आलो होतो. त्या संध्याकाळी नॅशव्हिल संघावर ४–१ असा सलग सोळावा विजय मिळाला. पेढीचा विषय मी त्यानंतर काढला नाही. ६ फेब्रुवारीला लास व्हेगसने ही मालिका खंडित केली. सलग सतरा विजयांचा पिट्सबर्गचा १९९३चा विक्रम एका सामन्याने हुकला.

वाचकांना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. या खेळात दांडगाई फार आहे. खेळाडू एकमेकांवर आदळतात, क्वचित हातमोजे टाकून ठोसेबाजीही करतात. त्याची शिक्षा पाच मिनिटे बाहेर बसण्याची. तसे झाले की मी मान फिरवीत असे, आणि नातवालाही ते पाहू नको म्हणे. पण बाद फेरीतील एक प्रथा मला मनापासून आवडली. दोन संघांमधली मालिका संपली की दोन्हीकडचे खेळाडू रांगा करतात आणि एकेकाशी हात मिळवतात. दोन आठवडे परस्परांना पाडणारी माणसे डोळ्याला डोळा भिडवून दोन शब्द बोलतात. पर्युषणानंतर आपण वर्षभराच्या वैराची क्षमा मागतो, त्याची मला आठवण झाली.

मार्चअखेर आम्ही परतलो. सांगलीत हळदीचा हंगाम ऐन भरात होता आणि पुतण्याने सौदे उत्तम सांभाळले होते. अक्षय्य तृतीयेला मी पेढीचा कारभार रीतसर त्याच्या स्वाधीन केला. चिरंजीवांना दूरध्वनी करून सांगितले तेव्हा पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही.

तिकडे ऑइलर्सनी ४९ विजय आणि १०४ गुणांसह हंगाम पुरा केला होता. झॅक हायमनचे ५४ गोल झाले. मॅकडेव्हिडचे स्वतःचे गोल ३२, पण त्याने इतरांना गोल करण्यास हात दिला तो शंभर वेळा. बाद फेरीत लॉस एंजलिस, व्हँकूव्हर आणि डॅलस या संघांना हरवून ऑइलर्स अंतिम मालिकेत पोहोचले. सातपैकी चार सामने जिंकणाऱ्यास चषक. फ्लोरिडाने पहिले तीन ओळीने जिंकले. मी वहीवर शेवटची रेघ मारणार होतो. नातवाने कळवले, “आजोबा, अजून नाही.” चौथा सामना ऑइलर्सनी ८–१ असा जिंकला. हंगामाच्या पहिल्या दिवशी ज्या आकड्याने त्यांना रडवले, तोच आकडा. मग पाचवा, मग सहावा. असा पिछाडीवरून मिळवलेला चषक इतिहासात एकदाच, १९४२ साली टोरांटोने जिंकला होता.

सातवा सामना फ्लोरिडातील सनराइज नावाच्या गावी होता. एडमंटनमध्ये २४ जूनची संध्याकाळ, सांगलीत २५ जूनची पहाट. साडेपाचला मी भ्रमणध्वनी भिंतीला टेकवून बसलो. पलीकडे नातू, त्याच्यामागे खिडकीतून भरपूर ऊन. तेथे जूनमध्ये सूर्य रात्री दहाला मावळतो. इकडे सूर्य अजून उगवायचा होता. फ्लोरिडाने एक गोल केला, ऑइलर्सनी परत केला, दुसऱ्या डावात फ्लोरिडाने आणखी एक केला. त्यापुढे ऑइलर्सनी खूप धडपड केली. पण काही लागले नाही. २–१. बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान पराभूत संघाच्या मॅकडेव्हिडला जाहीर झाला. तो घेण्यास तो बर्फावर आलाच नाही.

नातू रडत होता. चिरंजीवांनी त्याला जवळ घेतले आणि मला विचारले, “अण्णा, वहीत काय मांडले?”

मी वही पडद्यासमोर धरली. शेवटच्या ओळीत पराभव लिहिला होता. तो पुसण्याचे कारण नव्हते. पण त्याच्या वर ऑक्टोबरपासूनची सगळी पाने होती, आणि त्यांत त्या बर्फाला पाणी घातलेल्या रात्रीचीही नोंद मी केली होती. नातवाने नाक पुसले आणि विचारले, “ऑक्टोबरमध्ये नवी वही घेऊन याल ना?”

नवी वही मी त्याच दिवशी पेठेतून आणली. आठ वाजून गेले होते, ऊन अंगणात आले होते आणि पेढी उघडायला पुतण्या केव्हाच गेला होता.