नवाचे सत्तावीस

क्लॉन सेंटॉर ही गिटारचा सूर फाडणारी पेडल-पेटी. बसते गिटारवाल्याच्या पायाशी, पण तिचा तोरा पाहावा. अनेकींच्या अंगावर सोनेरी रंग, पुष्कळींच्या छातीवर अर्धा माणूस अर्धा घोडा, आणि बटणं तीनच. बाजारात आली 1994 साली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधून. बिल फिनेगन वर्षानुवर्षं ती हातानं जोडत राहिले आणि आतलं सर्किट कुणी उचलू नये म्हणून त्यावर काळी इपॉक्सी ओतत राहिले. लोकांनी ती खरवडलीच.

तिचा आहार मात्र चारचौघींसारखा, 9 व्होल्टचा. खरी करामत पोटात चालते. मॅक्स 1044 नावाची चिमुकली चिप एक कपॅसिटर 9 व्होल्टला भरते आणि दहीहंडीतल्या गोविंदासारखा त्याला दुसऱ्या 9 व्होल्टच्या खांद्यावर चढवते. झाले जवळपास 18. आणखी एकाला भरून उलटा जोडते, की मिळाले उणे 9. दोन टोकांमधलं अंतर 27. हा उद्योग सेकंदाला हजारो वेळा.

एवढं हाती लागल्यावर दुसऱ्या कुणी ते सगळीकडे उधळलं असतं. सेंटॉर उधळत नाही, आणि मला ती आवडते ती यासाठीच. सूर जिथे मुद्दाम फाडायचा, तो टप्पा ती 9 वरच चालवते. तिथे जर्मेनियमचे डायोड सुराचे शेंडे छाटतात, आणि कुठे छाटायचं हे ते पुरवठ्याला विचारून ठरवत नाहीत. फाटका आणि स्वच्छ सूर पुढे एकत्र येतात, तिथे मात्र 27 ची मोकळीक. सूर वाढवणाऱ्या ऑप-ॲम्प चिपला पुरवठ्याबाहेर झेप घेता येत नाही; छत उंच असलं की मिश्रणाचं डोकं आपटत नाही. मग आउटपुटचं बटण चढवा, पुढचा व्हॉल्व्हचा ॲम्प आपणहून गुरगुरू लागतो.

हे लक्षात न घेता पुष्कळजण दिसेल त्या पेडलला 18 व्होल्ट जोडतात आणि आवाज खुलल्याचं छातीठोक सांगतात. दुप्पट व्होल्ट म्हणजे छत 6 डेसिबलनं वर, एवढंच. फुलटोनची ओसीडी ही पेडल-पेटी 18 व्होल्टही घेऊ शकेल अशीच बनवलेली. तिच्यात फरक ऐकू येतो. सेंटॉरला ते देऊ नका. मॅक्स 1044 ची मर्यादा 10 व्होल्टची आहे. ज्या चिपच्या जिवावर ही श्रीमंती, तीच जळायची.

आज जुनी सेंटॉर हजारो डॉलरला जाते. हा गाजावाजा आपण केलेला नाही, असं फिनेगन यांनी पुढच्या केटीआर पेडलवर छापूनच टाकलं. खरंय. तिचं कौतुक करायचं तर किमतीचं करू नये, व्होल्ट कुठे खर्चावेत या तिच्या अकलेचं करावं.

आणि तुमच्या पेडलला जास्तीचे व्होल्ट पाजण्याआधी त्याच्यावर छापलेला आकडा वाचा. धन-ऋणही तपासा, बहुतेक पेडलांना ॲडॉप्टरची मधली पिन ऋण लागते.