दारामागचे पिवळे कार्ड

पहिला मसुदा आम्ही रागाच्या भरात केला होता. लाल पार्श्वभूमी, मध्ये काठी उगारलेला हात आणि खाली ठळक अक्षरांत ‘हा जुलूम किती दिवस?’ आमच्यातल्या पेंटरभाईंनी तो हात असा रंगवला होता, की बघणाऱ्याने दचकावे. आम्ही चौघे, म्हणजे दोन शिक्षक, एक वकील आणि एक पेंटर, ते चित्र टेबलावर मांडून बराच वेळ स्वतःवरच खूश होतो.

रागाला कारण होते. मोहल्ल्यातल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला मोबाइल चोरीच्या चौकशीसाठी नेले आणि दोन रात्री ठेवून घेतले. कागद नाही, नोंद नाही, घरी निरोप नाही. तिसऱ्या दिवशी सोडले तेव्हा त्याला चप्पल घालता येत नव्हती. त्याच्या तळपायांचे फोटो आम्ही काढून ठेवले होते. मोठ्या फ्लेक्सवर तेच लावायचे, असे जवळजवळ ठरले होते.

परवानगी मागायला त्याच्या अम्मीकडे गेलो. खालांनी चहा दिला, फोटो पाहिला आणि फोन उलटा करून ठेवला.

“माझ्या पोराचे पाय चौकात टांगणार का? त्याला उद्या गॅरेजवर कामाला जायचंय.”

आम्ही गप्प. मग त्याच म्हणाल्या, “दोन रात्री मी त्या फाटकाबाहेर बसले. राग माझ्याकडे भरपूर होता, बेटा. काय विचारायचं, तेच माहीत नव्हतं.”

लाल चित्र पेंटरभाईंनी दुकानाच्या माळ्यावर टाकले. अजून तिथेच आहे.

रात्री अकरा वाजता ठाण्याच्या फाटकाशी उभ्या असलेल्या बाईच्या हातात काय असावे, एवढाच आता प्रश्न होता. वकीलसाहेबांनी दोन पाने भरून कलमे आणली. खालांना वाचून दाखवली, तर तिसऱ्या ओळीला त्यांचे लक्ष चुलीवरच्या दुधाकडे. मग छाटत गेलो. शेवटी सहा प्रश्न राहिले. आमच्या मुलाला अटक केली आहे, की फक्त चौकशीला आणले आहे? अटक असेल तर कारण काय? अटकेचा कागद केला का आणि त्यावर घरच्या किंवा मोहल्ल्यातल्या साक्षीदाराची सही आहे का? आपले नाव काय? डॉक्टरी तपासणी झाली का? चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर कधी नेणार? खाली मोफत कायदेशीर मदतीचा नंबर, १५१००.

मोहल्ल्यातल्या निवृत्त जमादार चाचांनी कार्ड वाचून प्रत्येक प्रश्नाआधी ‘साहेब’ घालायला लावले. आमच्यातल्या एका शिक्षकांना हे मुळीच पटले नाही. हक्क मागताना आर्जव कशाला? खाला म्हणाल्या, “मी म्हणेन साहेब. माझं काय जातं?” साहेब राहिला.

भाषेवरूनही दोन दिवस गेले. काही बुजुर्गांना उर्दू हवी होती. पण हे कार्ड वाचायचे आपल्या बाईने आणि दाखवायचे ठाणे अंमलदाराला. दोघांनाही येते ती मराठीच. रंग हिरवा नको, भगवा नको, निळाही नको, म्हणून पिवळ्यावर काळी अक्षरे घेतली.

इतके झाल्यावर छापखानेवाला अडला. “पोलिसांच्या विरोधातलं मी छापणार नाही, मला इथेच धंदा करायचाय.” त्याची भीती खोटी नव्हती. वकीलसाहेबांनी त्याला एक जुनी हकिकत सांगितली. १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या कायदेशीर मदतीचे काम करणाऱ्या डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. कोर्टाने ते पत्रच याचिका मानले आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी अटकेच्या वेळी पाळायचे अकरा नियम घालून दिले. ते प्रत्येक ठाण्यात ठळक लावा, असे सांगितलेच. शिवाय आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून सांगावेत, स्थानिक भाषेत पत्रके छापून लोकांत वाटावीत, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे ही जाहिरात सर्वोच्च न्यायालयानेच सुचवलेली. त्यातले बरेच नियम आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत, आणि चोवीस तासांची अट तर राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदात पहिल्यापासून आहे. छापखानेवाल्याने निकालाची प्रत ठेवून घेतली आणि हजार कार्डे छापली. स्वतःचे नाव मात्र घातले नाही.

पहिली शंभर आम्ही गावाबाहेरच्या पारधी वस्तीवर नेली. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला त्यांतली ही एक. शिक्का १९५२ मध्ये पुसला, पण चोरी कुठेही झाली तरी गाडी आधी इकडे येते. तिथल्या एका आजींनी नातीकडून कार्ड वाचून घेतले आणि विचारले, “मुलालाच का? आमच्यात नवऱ्याला नेतात, सुनेला नेतात.” इतक्या वेळा वाचूनही हे आमच्या ध्यानात आले नव्हते. दुसऱ्या छपाईत ‘आमच्या मुलाला’चे ‘आमच्या माणसाला’ झाले. मागच्या बाजूला, अपवाद सोडता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही, ही ओळ आली. तिच्याखाली तारीख, वेळ आणि भेटलेल्या अंमलदाराचे नाव लिहायला रिकाम्या रेघा. ठाण्यांत कॅमेरे लावून चित्रण अठरा महिने जपावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले आहे. पण पुढे ते मागायचे, तर नेमकी वेळ लक्षात हवी.

जुम्म्याला मशिदीच्या दारात कार्डे वाटली. पुरुषांनी खिशात घातली. घरोघरी दारामागे चिकटवली ती बायकांनी, गॅसच्या नंबरशेजारी.

दोन महिन्यांनी पारधी वस्तीवरची एक बाई शाळेत आली. रात्री तिच्या दिराला नेले होते. तिने फाटकाशी उभे राहून सहाही प्रश्न वाचले. अंमलदाराने कार्ड हातातून घेतले, दोन्ही बाजूंनी वाचले, स्वतःचे नाव सांगितले आणि कार्ड आपल्या खिशात ठेवले. दीर पहाटे घरी आला. गाल सुजलेला होता, पण चालत आला.

ती दुसरे कार्ड मागायला आली होती. आम्ही तिला पाच दिली.