दहा हजार साक्षीदार

संध्याकाळी कॅश मोजताना दहा रुपये कमी भरले, तर खिशातले टाकून सुटता येतं. दहा रुपये जास्त भरले की मात्र कॅशिअरला घाम फुटतो. हे बी. कॉम.ला शिकवत नाहीत, काउंटर शिकवतो.

हे ज्ञान रसायनशास्त्रातही चालेल असं मला वाटलं नव्हतं. माझा भाचा पीएच. डी. करतो. म्हणजे संगणकात रेणू नाचवतो आणि त्यांचे फोटो काढतो. हैदराबादला जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी १९६४ साली अमेरिकेत आर्गॉनचे ८६४ अणू असे नाचवले होते. आता लाखो नाचतात. यंदा दिवाळीला स्वारी आली ती तोंड पाडूनच.

"मामा, आमचा प्रोग्रॅम एरर फार कमी दाखवतोय. म्हणजे उत्तर किती इकडेतिकडे असू शकतं, ते."

"मग बरंच की!"

"बरं कसलं! दहा हजार फोटो, म्हणून त्यानं वर्गमूळ काढून शंभरानं भागलं. पण रेणू क्षणात हलणार किती? लागोपाठचे शंभर फोटो जवळजवळ सारखेच!"

माझी ट्यूब पेटली. गेल्या वर्षी शाखेत 'ग्राहक समाधान' पाहणी झाली. शंभर फॉर्म मीच भरून घेतले. समाधान अफाट! मागाहून कळलं, त्यातले साठ एकाच पेन्शनर आजोबांचे. ते रोज पासबुक घेऊन येत, पंख्याखाली बसत आणि विचारलं की समाधानी असत.

"म्हणजे तुझे दहा हजार साक्षीदार खरे शंभरच," मी म्हणालो. "भाग दहानं. एरर दहापट!"

यावरचा उपाय म्हणे फ्लिव्हब्यर्ग आणि पीटरसन यांनी १९८९ सालीच नीट मांडलाय. फोटोंचे गठ्ठे बांधायचे, दर गठ्ठ्याची सरासरी हे एकच मत धरायचं, आणि गठ्ठे मोठे करत जायचं. एरर वाढायची थांबली की ती खरी. नोटा मोजणाऱ्याला गठ्ठे काय शिकवायचे!

भाच्यानं रात्री बसून प्रोग्रॅम दुरुस्त केला. ज्या फरकावर त्याचा निबंध उभा होता, तो फरक एररमध्ये बुडाला.

"सरांना सांगू?" त्यानं विचारलं.

मी गप्प. साठ फॉर्मांचं मी तरी साहेबांना कुठं सांगितलं होतं?

त्यानं मात्र तेव्हाच सरांना कळवलं आणि ढाराढूर झोपला. मग सुट्टी संपल्यावर मीही केबिनमध्ये गेलो. साहेब म्हणाले, "फॉर्म शंभर आहेत ना? मग झालं तर!"

भाच्याची एरर आता दहापट आहे. आमचं समाधान वरच्या ऑफिसात अजून अफाटच आहे.